पावसाआधी पाहावी टायरची आतली कड

मे महिना सरत आला की गोमंतकीय घरांत पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले परतली जातात, जळाऊ लाकडे पडवीत रचली जातात, पुरुमेताची बेगमी होते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भूमीत ही पूर्वतयारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या चार टायरांकडे त्याच नजरेने पाहण्याची सवय मात्र अद्याप रुजलेली नाही. वायपर बदलले जातात, बॅटरी तपासली जाते. टायरवर जाता-येता एक दृष्टिक्षेप तेवढा टाकला जातो. बाहेरून नक्षी दिसते, हवाही पुरेशी वाटते, म्हणून टायर चांगला आहे असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष अनेकदा चुकतो. उभ्या माणसाला टायरची जी बाजू दिसते तीच आधी झिजेल असे नाही. पुष्कळ मोटारींत पुढच्या टायरची आतली, म्हणजे इंजिनाकडची कड प्रथम झिजते. बाहेरच्या कडेला निम्मी नक्षी शिल्लक असताना आतल्या कडेचे रबर संपून तारा दिसू लागलेले टायर दुकानदारांना नवे नाहीत. असा टायर काढून नवा बसवला की प्रश्न सुटला असे वाहनधारकाला वाटते. परंतु झीज ज्या कारणाने झाली ते कारण गाडीतच राहिलेले असते आणि नव्या टायरलाही ते त्याच वाटेने नेते. म्हणूनच असमान झीज हे गाडीतील बिघाडाचे लक्षण मानून वाचावयास हवे.

पंजाएवढ्या आधारावर चालणारी गाडी

हजार किलो किंवा त्याहून अधिक वजनाची मोटार रस्त्याला केवळ चार ठिकाणी टेकते. लहान मोटारीच्या प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण माणसाच्या पंजाएवढा असतो. गाडीला वेग देणे, ती वळवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे या चार पंजांना करावी लागतात. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही बऱ्यापैकी पकड धरतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याचे दोष झाकलेले राहतात. पावसात मात्र रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी येते आणि ते बाहेर काढण्याचे काम नक्षीतील खाचांवर पडते.

हे काम किती मोठे आहे, ते साध्या हिशेबाने कळते. १६५ मिलिमीटर रुंदीचा टायर दोन मिलिमीटर पाणी साचलेल्या रस्त्यावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे सात लिटर पाणी येते. जवळजवळ एक कळशी पाणी एका सेकंदात बाजूला सारायचे आणि तेही पंजाएवढ्या जागेतून! नव्या टायरच्या खाचा साधारणपणे सात ते आठ मिलिमीटर खोल असतात, त्यामुळे या पाण्याला वाट मिळते. खाचा उथळ झाल्या की पाणी अडते, टायर त्यावर चढतो आणि रस्त्याशी असलेला संबंध तुटतो. स्टीअरिंग अचानक हलके लागते, ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही.

टायरमधील हवा कमी असल्यास ही अवस्था आणखी कमी वेगावर येते. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या संशोधनातून या वेगाचे एक सूत्र पुढे आले. साचलेल्या पाण्यात, गुळगुळीत टायर असताना, ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. दाब २० पीएसआयवर उतरला तर तो ताशी सुमारे ७४ किलोमीटर होतो. मोटारीच्या टायरची रचना वेगळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी दिशा तीच राहते. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६च्या रुंद टप्प्यांवर हे वेग सहज गाठले जातात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असणे आवश्यक आहे. ही मर्यादा ओळखण्यासाठी खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. येथेही फसगत होते ती मधल्या खाचेकडे पाहून. मधली खाच चार मिलिमीटर असली आणि आतली कड सपाट झालेली असली, तर तो टायर पावसाळ्याच्या दृष्टीने संपलेलाच असतो.

झिजेची लिपी

टायर कोणत्या बाजूने आणि कसा झिजला यावरून कारणाचा माग काढता येतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर टायर दीर्घकाळ कमी हवेवर चाललेला असतो. हवा कमी असली की भार कडांवर येतो. याउलट मधला पट्टा झिजून कडा शाबूत राहिल्या, तर हवा सतत जास्त भरली गेलेली असते. चोर्ला किंवा अनमोड घाटातून नित्य बेळगावला ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या टायरांच्या कडा वळणांमुळेही अधिक झिजतात. म्हणून निदान करताना गाडी कोणत्या रस्त्यावर चालते हे विचारात घ्यावे लागते.

एकच कड झिजली असेल तर संशय चाकांच्या कोनांवर जातो. ही झीज दोन प्रकारची असते आणि त्यांतील फरक हाताला समजतो. गाडी थांबवून, टायर थंड झाल्यावर, नक्षीवरून तळहात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर हलकेच फिरवावा. एका दिशेने स्पर्श मऊ आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा लागला, तर चाक सरळ न धावता तिरपे घासत चालले आहे असे समजावे. दोन्ही दिशांनी स्पर्श सारखाच गुळगुळीत असून केवळ एक कड उतरलेली असेल, तर चाक उभ्या रेषेत नसून एका बाजूला झुकलेले असण्याची शक्यता अधिक. तारा बाहेर आलेल्या टायरवर मात्र हात फिरवू नये. त्या बोटात घुसतात.

टायरच्या घेरावर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झालेला असतो किंवा चाकाचा तोल बिघडलेला असतो. चाक रस्त्यावर सारखे न टेकता उड्या मारत जाते आणि जेथे आपटते तेथे रबर खरवडले जाते. एकाच जागी सपाट डाग पडला असेल, तर जोराच्या ब्रेकमुळे चाक जाम होऊन टायर फरपटलेला असतो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आलेला दिसला, तर तो झिजेचा प्रकारच नव्हे. खड्ड्याच्या आघाताने आतील धागे तुटल्याची ती खूण असते. असा टायर कधीही फुटू शकतो. तो तत्काळ बदलावा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

तीन कोन आणि एक मिलिमीटर

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असते. दोन्ही चाके एकाच ताठ आसावर असतात आणि गाडी वळवायची तर सगळा आसच वळवावा लागतो. मोटारीची पुढची चाके मात्र आपापल्या जागी स्वतंत्रपणे वळतात. वळणावर आतल्या चाकाने बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, अन्यथा एक चाक घासत जाईल, ही गोष्ट घोडागाड्यांच्या काळातच ध्यानात आली होती. म्युनिकचे गाडी कारागीर लँकेनस्पर्गर यांच्या या रचनेचे पेटंट रुडॉल्फ अकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनमध्ये घेतले आणि ती रचना अकरमन यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आजच्या मोटारीतही स्टीअरिंगपासून प्रत्येक चाकापर्यंत जाणारे टाय रॉड हेच काम करतात. या टाय रॉडची लांबी आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या इतर भागांची स्थिती यांवरून चाकाचे कोन ठरतात. हे कोन कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेत आणणे म्हणजे व्हील अलाइनमेंट.

त्यांतील तीन कोन मुख्य आहेत. पहिला कँबर. गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती झुकला आहे, हे तो सांगतो. माथा प्रमाणाबाहेर आत झुकला तर आतली कड झिजते, बाहेर झुकला तर बाहेरची. दुसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसा चाक वळण्याचा आस मागे कललेला असतो आणि त्यामुळे वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होते. कॅस्टरमुळे टायर फारसा झिजत नाही, पण दोन्ही बाजूंना तो असमान असल्यास गाडी एका बाजूला ओढते.

तिसरा आणि झिजेच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा कोन म्हणजे टो. माणूस चालताना पायांचे चवडे आत किंवा बाहेर वळवतो, तशी पुढची चाके वरून पाहिल्यास किंचित आत किंवा बाहेर रोखलेली असू शकतात. ती गरजेपेक्षा आत रोखलेली असतील तर सामान्यतः बाहेरची कड झिजते, बाहेर रोखलेली असतील तर आतली.

हा दोष डोळ्यांना दिसत नाही इतका लहान असतो आणि त्याचा परिणाम मात्र मोठा असतो. सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायरची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा केवळ एक मिलिमीटर सरकलेली असेल, तर तो कोन एका अंशाचा जवळपास दहावा भाग होतो. असे चाक एक किलोमीटर पुढे जाताना सुमारे पावणेदोन मीटर बाजूला जाऊ पाहते. गाडी त्याला तसे जाऊ देत नाही. ते अंतर रबराला ताणून आणि घासून भरून निघते. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात हे आडवे अंतर साडेसतरा किलोमीटर भरते. फोंड्याहून पणजीला नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटर गाडी चालवणारा माणूस दहा हजारांचा हा पल्ला सात-आठ महिन्यांत गाठतो. दोष दोन किंवा तीन मिलिमीटरचा असेल तर हिशेब त्याच प्रमाणात वाढतो.

कोन बिघडतात कसे?

सर्वांत परिचित कारण म्हणजे खड्डा. पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चालकाला कळत नाही आणि चाक त्याच्या पुढच्या कडेवर आदळते. त्या एका धक्क्याने टाय रॉड किंवा लोअर आर्म वाकू शकतो, रिमला पोचा पडू शकतो. न दिसलेला गतिरोधक आणि पार्किंग करताना पदपथाच्या दगडावर घासलेले चाक हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत.

दुसरे कारण सावकाश काम करते. चाकाला धरून ठेवणाऱ्या सांध्यांत रबरी बुश आणि बॉल जॉइंट असतात. ते कालांतराने सैल होतात. गाडी उभी असताना कोन बरोबर दिसतात, परंतु वेग घेताना आणि ब्रेक लावताना चाक आपली जागा सोडते. समुद्रकाठच्या खाऱ्या आणि दमट हवेत लोखंडी भाग लवकर गंजतात. टाय रॉडचे आटे गंजून जाम झाले, तर कोन जुळवणेच अवघड होऊन बसते.

मागच्या चाकांकडे दुर्लक्ष होते तेही चुकीचे आहे. मागचा अॅक्सल आघाताने सरकला किंवा वाकला, तर मागची चाके गाडीला एका बाजूने ढकलत राहतात. चालक नकळत स्टीअरिंग किंचित तिरके धरून गाडी सरळ ठेवतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी धावते. म्हणून अलाइनमेंट करताना चारही चाकांचे मोजमाप होणे इष्ट असते.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामे आहेत, पण बोलताना त्यांची सरमिसळ होते. रिमवर लहान वजने लावून चाकाचा तोल साधणे म्हणजे बॅलन्सिंग. ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान स्टीअरिंग थरथरत असेल तर प्रथम बॅलन्सिंग पाहावे. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरके राहत असेल किंवा एकच कड झिजत असेल, तर अलाइनमेंट पाहावे. आपल्याकडील रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी मध्यापासून कडेला उतार दिलेला असतो, त्यामुळे स्टीअरिंग सैल धरल्यास गाडी किंचित डावीकडे जाणे स्वाभाविक आहे. सपाट रस्त्यावरही ती ठळकपणे ओढत असेल तर तो दोष मानावा.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी चारही टायरांत ठरलेली हवा, मग सांधे, बुश, बेअरिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची तपासणी, आवश्यक ती दुरुस्ती आणि शेवटी अलाइनमेंट. सैल सांध्यांवर जुळवलेले कोन पुढच्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाहीत. सांधे हलवूनही न पाहता गाडी थेट यंत्रावर चढवली जात असेल, तर वाहनधारकाने तपासणीचा आग्रह धरावा.

संगणकीय यंत्रावर काम झाल्यास आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मिळतो. तो मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. भारतातील बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांचा टो तेवढा जुळवता येतो. कँबर आणि मागच्या चाकांचे कोन जुळवण्याची सोय नसते. त्यामुळे काम झाल्यावरही कँबरचा आकडा मर्यादेबाहेर दिसत असेल, तर एखादा भाग वाकलेला आहे काय, हा प्रश्न विचारावा. तो भाग ठोकून किंवा तापवून सरळ करण्यास मात्र संमती देऊ नये. स्टीअरिंग आणि चाक यांना जोडणारे भाग असे सरळ केल्याने कमजोर होतात आणि पुढे तुटले तर गाडीवरचा ताबाच जातो.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे बसवावेत, असा सर्वसाधारण समज आहे. टायर उत्पादकांचा सल्ला याच्या उलट आहे. अधिक नक्षी असलेली जोडी मागे असावी. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर चालकाला ते स्टीअरिंगवर जाणवते आणि वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाही.

घरच्या अंगणात दहा मिनिटे

आतली कड पाहण्यासाठी गाडी उचलावी लागत नाही. सपाट जागेवर हँडब्रेक लावून स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे. पुढच्या टायरची एरवी लपलेली बाजू समोर येते. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा टायर पाहावा. मागच्या टायरांसाठी मोबाइलचा कॅमेरा चाकामागे धरून छायाचित्र घेतले तरी पुरते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रकानुसार ठेवावा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो, तो भरावयाचा नसतो. दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावा, कारण धावून तापलेला टायर जास्त दाब दाखवतो. निर्दोष टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा कमी होते. म्हणून महिन्यातून एकदा तरी तपासणी करावी आणि त्या वेळी स्टेपनी विसरू नये. साधारण दहा हजार किलोमीटरनंतर टायरांची पुढे-मागे अदलाबदल केल्यास झीज विभागली जाते. पण एकच कड खाल्ली जात असताना कारण दूर न करता अदलाबदल केली, तर चारही टायर एकेक करून त्याच दोषाला बळी पडतात.

चतुर्थीला गावी जाताना गाडीत मुले आणि वडीलधारी माणसे असतात, डिकी माटोळीच्या सामानाने भरलेली असते आणि पाऊस हमखास गाठतो. भार अधिक, रस्ता ओला आणि वळणे अनोळखी, अशा वेळी गाडी वेळेवर थांबणे त्या चार पंजांवर अवलंबून असते. कौलांवर चढून फुटके कौल शोधण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या अंशमात्र वेळात ही तपासणी होते. आणि फुटके कौल जसे पहिल्या सरीआधी सापडलेले बरे, तशीच टायरची उतरलेली कडही.